‘कोल्हापूर न्यायालयाच्या अधीन’ हा शिक्का म्युनिकमध्ये चालतो का? परदेशी व्यवहारात कायदा, कोर्ट आणि ग्राहकहक्क

शिक्का जुना, लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईचा. ‘सब्जेक्ट टू कोल्हापूर ज्युरिस्डिक्शन’. चप्पल लाईनमधल्या एका दुकानदाराने तो एकाच आठवड्यात दोन बिलांवर मारला होता. एक बिल हॅम्बर्गच्या घाऊक व्यापाऱ्याचं, चारशे जोडांचं. दुसरं म्युनिकच्या एका बाईंचं, एका जोडाचं, दुकानाच्या वेबसाइटवरून घेतलेल्या. बाईंनी पार्सल मिळाल्यावर नवव्या दिवशी ईमेल केली: चप्पल परत पाठवते आहे, पैसे परत करा, मला 14 दिवसांचा हक्क आहे. दुकानदार बिल घेऊन माझ्याकडे आला आणि शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाला, “वकीलसाहेब, हे हाय की. कोर्ट कोल्हापूरचं.”

हॅम्बर्गच्या बिलावर त्या शिक्क्याला थोडंफार वजन होतं. म्युनिकच्या बिलावर तो नुसता शाईचा डाग होता. देश तोच, माल तोच, शिक्का तोच. फरक एवढाच की एक गिऱ्हाईक धंद्यासाठी घेत होतं आणि दुसरं स्वतःच्या पायात घालण्यासाठी. परदेशी करारातला कायद्याचा सगळा गुंता इथून सोडवायला घ्यायचा असतो, पण बहुतेक लोक तो शिक्क्यापासून सुरू करतात.

पहिली पायरी: समोर व्यापारी आहे की ग्राहक, हे आधी लिहून काढा

ऑर्डर आली की वहीत एक रकाना वाढवा: ‘धंद्यासाठी / घरासाठी’. व्यापाऱ्याची ओळख कागदांवरून पटते: कंपनीचं नाव, युरोपातला असेल तर व्हॅट नंबर, पुन्हा विकता येईल एवढा नग. घरगुती ग्राहकाकडे यातलं काहीच नसतं. मधलीही माणसं असतात. उदाहरणार्थ, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी पन्नास जोड मागवणारे कोणी काका. अशा वेळी सरळ विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हीच रेघ आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेणारा ‘ग्राहक’ नाही; मात्र स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी एखादी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा ग्राहकच राहतो. शिलाई मशीन मागवणारी शिंपीण ग्राहक असू शकते, पण वीस मशिन मागवणारा कारखानदार नाही. युरोपची व्याख्या याहून कडक आहे. तिथे धंद्याच्या बाहेरच्या कामासाठी घेणारी व्यक्ती तेवढी ग्राहक.

दुसरी पायरी: तीन प्रश्न वेगळे ठेवा

कायदा कुठला? वाद ऐकणार कोण? आणि निकाल लागल्यावर पैसे कुठून वसूल होणार? आपला शिक्का फक्त दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो. ‘कोल्हापूरचं कोर्ट’ म्हणजे आपोआप ‘भारताचा कायदा’ असं नाही, आणि ‘भारताचा कायदा’ म्हणजे कोल्हापूरचं कोर्टही नाही.

ही सरमिसळ मोठमोठ्यांनीही केली आहे. सरकारी वीज कंपनी एनटीपीसी आणि सिंगर कंपनी यांच्या करारात कायदा भारताचा होता आणि लवाद (कोर्टाऐवजी वाद मिटवायला नेमलेला पंच) लंडनमध्ये बसला. मग तो निवाडा परदेशी मानायचा की देशी, याच मुद्द्यावर भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1992 च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितलेला नियम आजही पायाभूत आहे. पक्षकारांनी प्रामाणिकपणे आणि लोकनीतीला धक्का न लावता निवडलेला कायदा लागू होतो. निवडलाच नसेल, तर ज्या देशाशी कराराचा सगळ्यात जवळचा संबंध, त्याचा.

शिक्क्यातल्या शब्दांबद्दल एक जुना धडा आहे. गुजरातेतल्या खेडा (कैरा) इथला विक्रेता आणि तमिळनाडूतल्या सेलमचा खरेदीदार यांच्यातल्या एबीसी लॅमिनार्ट खटल्यात (1989) असाच ‘खेडा ज्युरिस्डिक्शन’ होता, पण त्यात ‘फक्त’ हा शब्द नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सेलमच्या कोर्टाचा अधिकार कायम ठेवला. पुढे 2013 मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या खटल्यात ‘फक्त’ नसला तरी हेतू दिसतो, असंही म्हटलं गेलं. दोन्ही निकाल देशातल्या देशातले आहेत, पण परदेशी कागदालाही तीच काळजी लागते. एका शब्दासाठी वीस वर्षं कशाला भांडायचं? ‘फक्त’ लिहून टाका.

तिसरी पायरी: व्यापाऱ्याशी करार करताना

हॅम्बर्गच्या व्यापाऱ्याबरोबर तुम्ही कायदा निवडू शकता, आणि तिथलं न्यायालय ती निवड मानतं. युरोपीय संघाचा ‘रोम एक’ हा नियम (क्रमांक 593/2008, डिसेंबर 2009 पासून लागू) निवडीचं स्वातंत्र्य देतो. निवडलेला कायदा युरोपबाहेरचा असला तरी हरकत नाही.

कागद गप्प असेल तर काय? हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण त्याच नियमानुसार माल विक्रीच्या करारात निवड केलेली नसेल तर विक्रेत्याच्या देशाचा कायदा लागतो. म्हणजे कोल्हापूरच्या विक्रेत्याला गप्प राहूनही भारताचा कायदा मिळू शकतो. तरीही गप्प राहू नका, कारण समोरचा गप्प नसतो. त्याच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक टायपात ‘जर्मन कायदा, हॅम्बर्गचं कोर्ट’ छापलेलं असतं. तुम्ही प्रोफॉर्मा (आगाऊ कच्चं बिल) पाठवता, तो पर्चेस ऑर्डर पाठवतो, तुम्ही मुकाट्याने माल भरता. मग कोणाच्या अटी खऱ्या? माल भरण्याआधी दोघांत फिरलेला शेवटचा कागद तुमचा असू द्या, आणि त्यावर ‘आमच्याच अटींवर ऑर्डर स्वीकारली, खरेदीदाराच्या छापील अटी लागू नाहीत’ असं लिहून समोरच्याची ‘ओके’ ईमेलवर मागवा. बिल नंतर जातं. त्यावर मारलेला शिक्का हा करार ठरून गेल्यावर एकतर्फी टाकलेला शब्द आहे, असं समोरचा वकील म्हणणारच.

दुसरा सापळा ‘जर्मन कायदा’ याच शब्दांत आहे. आंतरराष्ट्रीय माल विक्रीबद्दल संयुक्त राष्ट्रांचा 1980 चा व्हिएन्ना करार आहे. जर्मनी आणि नेदरलँड्स त्याचे सदस्य आहेत. भारत नाही, ब्रिटनही नाही. तुम्ही नुसतं ‘जर्मन कायदा’ लिहिलंत, तर व्यापाऱ्यांमधल्या विक्रीसाठी जर्मनीच्या कायद्याचा भाग म्हणून हा व्हिएन्ना करारही सोबत येतो. तो वाईट आहे असं अजिबात नाही. दोष सापडला की खरेदीदाराने वाजवी मुदतीत कळवलं पाहिजे, हा त्यातला नियम विक्रेत्याच्या फायद्याचाच आहे. पण हवा की नको, हे तुम्ही ठरवा. नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

मी लहान निर्यातदारांना साधारण असं कलम सुचवतो. करार इंग्रजीत असेल तर अर्थ हाच ठेवा:

‘या कराराला फक्त भारताचा कायदा लागू राहील. 1980 चा व्हिएन्ना विक्री करार लागू नाही. सर्व वाद एका लवादाकडे जातील. लवादाचं स्थान मुंबई, भाषा इंग्रजी. मालाबद्दलची तक्रार माल ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत, फोटो आणि लॉट नंबरसह लेखी कळवावी. नंतरची तक्रार ग्राह्य नाही.’

शेवटचं वाक्य कायद्याच्या पुस्तकातलं वाटणार नाही, पण वाद होतात ते बहुतेक त्याच्याशी निगडित असतात. नाशिकचे द्राक्षवाले हे अनुभवाने शिकलेत. कंटेनर रॉटरडॅमला उघडतो, खरेदीदार फोनवर म्हणतो ‘घडांना डाग आहेत’, आणि तीन आठवड्यांनी हिशेबातून परस्पर रक्कम कापून येते. तेव्हा कायदा भारताचा की डच, याने फार फरक पडत नाही; पुरावा कोणाकडे आहे, याने पडतो. म्हणून द्राक्षांसारख्या नाशवंत मालाच्या करारात मुदत तासांत लिहा, तटस्थ सर्वेक्षक कोण नेमणार ते लिहा, आणि कंटेनरमधल्या तापमान नोंदयंत्राचं रीडिंग दोघांवर बंधनकारक ठेवा. धोका विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठल्या क्षणी जातो, हे इन्कोटर्म्सवरून, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या डिलिव्हरीच्या ठरीव अटींवरून ठरतं. एफओबी मुंबई असेल तर माल जहाजावर चढला की. ‘एफओबी’ लिहिताना पुढे बंदराचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स 2020’ हे शब्द विसरू नका.

चौथी पायरी: निकाल वटणार कुठे?

कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन हॅम्बर्गला गेलात तर तो तिथे थेट चालत नाही. जर्मनी, नेदरलँड्स किंवा अमेरिकेशी भारताची न्यायालयीन निकालांबाबत तशी परस्पर व्यवस्था नाही. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात यांच्याबाबत आहे. अमिरातीला भारताने जानेवारी 2020 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली अधिसूचित केलं, त्यामुळे दुबईच्या कोर्टाचा तुमच्याविरुद्धचा निकालही आता इथे थेट अंमलात येऊ शकतो. दुबईशी धंदा करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू ध्यानात ठेवावी.

लवादाचा निवाडा मात्र 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे 170 हून जास्त देशांत चालतो. म्हणून युरोप-अमेरिकेशी व्यवहारात कोर्टापेक्षा लवाद बरा.

बरा म्हणजे स्वस्त नव्हे. तीन लाखांच्या चपलांसाठी आंतरराष्ट्रीय लवाद म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. इतक्या लहान रकमेत कायद्याचं कलम म्हणजे शेवटची भिंत. त्याआधीची कुंपणं स्वस्तात पडतात. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, उरलेली मालाची कागदपत्रं हाती देताना. मोठ्या ऑर्डरला एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र. उधारीवर माल देणार असाल तर तो भरण्याआधी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-उधारीचा विमा. कोर्ट कोल्हापूरचं असो की मंगळावरचं, पैसे आधीच खात्यात असतील तर भांडायला समोरच्याने यायचं.

पाचवी पायरी: परदेशी घरगुती ग्राहकाला विकत असाल तर

आता म्युनिकच्या बाई. ‘रोम एक’ नियमाच्या सहाव्या कलमाचा मथितार्थ असा: ग्राहकाशी करारात तुम्ही कायदा निवडू शकता, पण त्या निवडीने ग्राहकाच्या राहत्या देशाने दिलेलं सक्तीचं संरक्षण काढून घेता येत नाही. ‘भारताचा कायदा’ लिहा, खुशाल लिहा. त्याच्या डोक्यावर जर्मन ग्राहक कायदा राहतोच. शिवाय युरोपच्या न्यायाधिकार नियमांनुसार ग्राहक स्वतःच्या गावच्या कोर्टात दावा लावू शकतो, विक्रेता युरोपबाहेरचा असला तरीही.

अट एकच: तुम्ही त्या देशातल्या ग्राहकांकडे आपला धंदा ‘वळवलेला’ असला पाहिजे. वेबसाइट जर्मनीत उघडते, एवढ्याने ते होत नाही. युरोपच्या न्यायालयाने 2010 च्या पामर आणि हॉटेल आल्पेनहोफ या निकालात खुणा सांगितल्या आहेत: परक्या भाषेत किंवा चलनात विक्री, देशाच्या कोडसह फोन नंबर, जर्मनीच्या ‘डॉट डीई’सारखा वेबपत्ता, तिथल्या लोकांना दिसतील अशा पैसे भरून केलेल्या जाहिराती. आमच्या दुकानदाराच्या साइटवर किमती युरोत होत्या, ‘जर्मनीत मोफत डिलिव्हरी’ची पट्टी होती, आणि त्याच्या पुतण्याने म्युनिकच्या परिसरापुरती जाहिरात लावली होती. त्यामुळे ‘आम्ही काय तिकडं दुकान मांडलेलं नाही’ हे म्हणायला जागाच राहिली नव्हती.

एका मोठ्या कंपनीलाही हे भोवलं आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राहक संघटनेने अ‍ॅमेझॉनच्या ‘लक्झेम्बर्गचा कायदा लागू’ या अटीवर दावा केला. युरोपच्या न्यायालयाने जुलै 2016 मध्ये सांगितलं की फक्त लक्झेम्बर्गचाच कायदा लागू आहे असा समज ग्राहकाचा होत असेल आणि त्याच्या स्वतःच्या देशाचं संरक्षणही त्याला आहे हे त्याला सांगितलं नसेल, तर अशी अट अन्यायकारक ठरते. म्हणून तुमच्या अटींत कायद्याच्या वाक्याला जोडून हे लिहा: ‘ग्राहकाच्या राहत्या देशातल्या कायद्याने त्याला दिलेलं सक्तीचं संरक्षण यामुळे कमी होत नाही.’ एवढ्या एका ओळीने अट टिकते.

मग 14 दिवसांचं काय? युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. ब्रिटनमध्येही असाच 14 दिवसांचा हक्क आहे. ग्राहकाने कळवल्यावर 14 दिवसांत पैसे परत करायचे, नेहमीच्या डिलिव्हरीच्या खर्चासकट. मात्र माल परत येईपर्यंत किंवा पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत थांबता येतं. परतीचं टपाल ग्राहकावर टाकता येतं, पण आधी सांगितलं असेल तरच. आणि हा हक्क आहे हेच तुम्ही सांगितलं नाही, तर युरोपीय संघात मुदत आणखी 12 महिने वाढते. आमच्या दुकानदाराने तो कुठेच सांगितलेला नव्हता. नवव्या दिवशी मागणी आली हे त्याचं नशीब; अकराव्या महिन्यातही आली असती.

19 जून 2026 पासून युरोपातल्या ग्राहकांना विकणाऱ्या साइटवर करारातून माघार घेण्याचं बटणही द्यावं लागतं. साइट दुसऱ्याकडून बनवून घेत असाल तर त्याला हे आत्ताच सांगा.

एक पळवाट मात्र खरी आहे. ग्राहकाच्या सांगण्यावरून खास बनवलेल्या वस्तूला माघारीचा हक्क नाही. पायाचं माप कागदावर आखून पाठवलं आणि त्यावरून चप्पल बांधली, तर ती परत घेणं बंधनकारक नाही. नेहमीच्या मापातली, मांडणीवरची 39 नंबरची चप्पल मात्र ‘हाताने बनवलेली’ असली तरी ‘खास बनवलेली’ नव्हे. हा फरक पटवून द्यायला मला पाऊण तास लागला, कारण त्याच्या मते प्रत्येक जोड खासच होता.

कायद्याच्या निवडीशी संबंध नसलेलीही काही बंधनं आहेत. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपात ग्राहकोपयोगी माल विकायचा तर त्याच्या सुरक्षिततेसाठी उत्तर देणारी जबाबदार व्यक्ती किंवा संस्था युरोपीय संघात असावी लागते, आणि तिचं नाव-पत्ता मालावर, पॅकिंगवर किंवा सोबतच्या कागदावर द्यावा लागतो. ‘आमच्यावर भारतीय कायदा आहे’ हे उत्तर सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

अमेरिकेचं चित्र वेगळं आहे. तिथे ऑनलाइन खरेदीला 14 दिवसांचा असा सरसकट संघीय हक्क नाही. ग्राहककायदे राज्याराज्यांत बदलतात. पण सांगितलेल्या वेळेत, आणि वेळ सांगितली नसेल तर 30 दिवसांत माल रवाना करायचा, नाहीतर ग्राहकाला कळवून रद्द करण्याची संधी द्यायची, हा संघीय नियम आहे. दिवाळीच्या तोंडावर वाट्टेल ती तारीख कबूल करणाऱ्या फराळवाल्यांनी तो भिंतीवर चिकटवावा.

सहावी पायरी: ग्राहक तुम्ही असाल तर

आता उलट बाजू. पुण्यात बसून तुम्ही परदेशी साइटवरून हेडफोन घेतला, तो बिघडला, आणि अटींत लिहिलंय: कायदा कॅलिफोर्नियाचा, लवाद सिंगापूरमध्ये. घाबरायचं कारण नाही. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एम्मार एमजीएफच्या खटल्यात 2018 मध्ये कायम केलं. आणि 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतात स्थापन न झालेल्या, पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहेत.

कामाचा क्रम असा ठेवा. ऑर्डरच्या दिवशीचं पान, किंमत आणि अटी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. अटी नंतर गुपचूप बदलतात. तक्रार आधी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा: 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे त्याच्यावर बंधन आहे. कार्डाने पैसे दिले असतील तर त्याच वेळी बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने गेलेली रक्कम उलटी मिळवण्याची सोय) मागा. त्याची मुदत आयोगाच्या मुदतीपेक्षा फार कमी असते, आणि माझ्या पाहण्यात परदेशी विक्रेत्याकडून पैसे परत येण्याची सगळ्यात जलद वाट हीच आहे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानेही जमलं नाही तर ई-जागृती पोर्टलवर तक्रार. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. करारातली अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून घ्यायची असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं.

तक्रारीत प्रतिपक्ष कोणाला करता, हे सगळ्यात महत्त्वाचं. भारतात ना कार्यालय ना खातं, अशा विक्रेत्याविरुद्ध मिळालेला आदेश फ्रेम करून लावण्यापलीकडे फारसा उपयोगाचा नाही. प्लॅटफॉर्मची भारतीय कंपनी असेल तर ती, आणि आयातदार असेल तर तो, दोघांनाही प्रतिपक्ष करा. सदोष वस्तूने इजा किंवा नुकसान झालं असेल तर कायद्याचं कलम 86 हाताशी आहे. परदेशी उत्पादकाला नोटीस बजावता येत नसेल, किंवा त्याच्याविरुद्ध आदेश अंमलात आणता येत नसेल, तर विक्रेता जबाबदार ठरतो, आणि ‘विक्रेता’ या शब्दात आयातदारही येतो.

हे वाचून चीनमधून चार्जर आणून इथे विकणाऱ्यांनी चहा बाजूला ठेवावा. कारखान्याशी केलेल्या करारात ‘चीनचा कायदा’ असो की ‘भारताचा’, इथल्या ग्राहकापुढे तुम्ही उभे आहात. ग्राहकाला द्यावी लागलेली भरपाई कारखान्याकडून वसूल करण्याचं कलम त्या करारात घाला, आणि पुढच्या ऑर्डरच्या आगाऊ रकमेतून ती कापून घेण्याची मुभाही लिहून घ्या. कारण शेन्झेनच्या कोर्टात तुम्ही जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही.

म्युनिकच्या बाईंचे पैसे दुकानदाराने परत केले. चप्पल सोळा दिवसांनी परत आली, तळाला एक ओरखडाही नाही. साइटवर आता दोन बटणं आहेत, ‘तयार माप’ आणि ‘पायाच्या मापाने’. दुसऱ्याखाली परतीची अट ठळक अक्षरांत लिहिली आहे. घाऊक ऑर्डरला वेगळा कागद जातो, त्यावर ते चार ओळींचं कलम असतं आणि समोरच्याची ‘ओके’ आल्याशिवाय माल खोक्यात भरला जात नाही. लाकडी मुठीचा शिक्का अजून गल्ल्याशेजारी आहे. इचलकरंजीच्या आणि सांगलीच्या बिलांवर तो रोज उमटतो.